कागदावरचा पगार

मी मूळचा संशयी. त्यात नाशकात बारा वर्षं दर महिन्याला टीडीएस कापून घेतलेला. त्यामुळे ‘इथे आखातात इन्कम टॅक्स नाही’ या वाक्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. आधी व्हॅट आला, मग कंपन्यांवर कर बसला. तेलाचा भाव उतरला की टीव्हीवर कुणीतरी बजेटच्या तुटीचं रडगाणं लावायचंच. तूट पडली की सरकार कुणाच्या खिशात हात घालतं, हे मला कुणी शिकवायला नको.

“आला कर तर भरू की,” बायको म्हणायची. “तुम्हाला तर अहो, वॉचमनच्या सलामाचाही संशय येतो.”

मागच्या वर्षी जबल अलीतल्या आमच्या ऑफिसात माझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं, तेव्हा मी मालकांना गळ घातली. कागदावर पगार कमी दाखवा, उरलेला खर्चाच्या नावाने द्या. उद्या कर आलाच, तर तो कागदावरच्याच आकड्यावर बसणार. मालक “यल्ला, खलास”, म्हणजे चला, ठरलं, म्हणत लगेच तयार झाले. माझी ग्रॅच्युइटीही त्याच कमी आकड्यावर निघणार होती. त्यांच्या त्या घाईचा मात्र मला संशय आला नाही.

यंदा वडील गेले. आई एकटी पडली. तिला कायमचं इकडे आणायचं बायकोनेच ठरवलं आणि मुलीच्या खोलीत दुसरा पलंग टाकून घेतला. मी कागद घेऊन व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने काँट्रॅक्ट पाहिलं आणि परत सरकवलं.

“भाईसाब, सॅलरी कम है. मदर का व्हिसा नहीं होगा.”

“असली सॅलरी इससे जादा है.”

“तो पेपर पे दिखाओ ना.”

मालक म्हणाले, “नेक्स्ट रिन्यूअल में देखेंगे, इन्शाल्ला.” म्हणजे अजून वर्षभराने. पगारावरचा कर तर अजूनही आलेला नाही.

संध्याकाळी आईला फोन लावला. तिने गॅसचं कनेक्शन परत केलं होतं, शेजारणींचा निरोपही घेतला होता. खरं सांगायची मला लाज वाटली. “आई, इथले नियम बदललेत,” मी म्हणालो.

“सूनबाईला नको असेल तर तसं सांग रे. मी राग नाही धरणार.”

फोन स्पीकरवर होता. बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता तरी मी खरं बोलेन, असं तिला वाटलं असणार.

“नियमच तसे आहेत गं,” मी म्हणालो.