थोरलीने शिकवलेला कॅमेरा

"खोट मला शोधावी लागत नाही, लांबूनच ती माझ्याकडे बघून दात काढते," असं थोरली एकदा म्हणाली होती. समोर कारखान्यात कॅमेरा बसवायला आलेली तज्ज्ञ मंडळी होती. मंडळी हसली. थोरली हसली नाही. तिने विनोद केलाच नव्हता.

कपबशांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. भट्टीतून निघालेला कप पट्ट्यावरून सरकत तिच्यापुढे यायचा, ती तो पांढऱ्या दिव्याखाली फिरवायची आणि निकाल द्यायची. तिने पास केलेल्या मालाबद्दल कधी तक्रार आली नाही, हे मॅनेजर पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचा. स्वतः मात्र तिच्या टेबलावरून जाताना भराभर पावलं उचलायचा. जेवणाच्या सुट्टीत ती बाकावर बसली की बाक हळूहळू रिकामं व्हायचं. शेजाऱ्याच्या भिंतीचा गिलावा, मुलीचं अक्षर, नवऱ्याने घातलेली घडी, सगळं तिच्या नजरेखालून जायचं आणि त्यातलं फारसं काही पास व्हायचं नाही. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर हसायचं तर दात आधी तपासून यावं लागतं." हे तो ती घरात नसताना म्हणायचा.

धाकटी तिची जाऊ. थोरलीच्याच शब्दावर ती कारखान्यात लागली, कपांना कान लावायच्या कामावर. ओल्या मातीचा कान कपाला चिकटवायचा, सांधा अंगठ्याने दाबून सारखा करायचा, कप पुढे ढकलायचा. धाकटी डावखुरी, बोलकी, आणि नकला करण्यात पटाईत. सुरुवातीला दोघी एकाच डब्यातून जेवत. मग एका दुपारी धाकटीने डोळ्याला चमचा लावला, हातातला कप लांब धरला आणि थोरलीच्या आवाजात म्हणाली, "शी! याला जन्मखूण आहे. बाद!" सगळा हॉल खिदळला. थोरली दारात उभी होती. त्या दिवसापासून कारखान्याने तिचं नाव 'भिंग' ठेवलं.

तेही एखादीने गिळलं असतं. पण सासरे गेले आणि भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली. खिडकी धाकटीच्या बाजूला गेली. थोरलीच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. आणि भिंत एका विटेची. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. "जाऊबाईंना काय त्याचं," धाकटी कुणाला तरी सांगत होती, "त्यांना दिव्याखालीच बरं दिसतं." थोरली भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला, शांतपणे हात पुसले, आणि तेव्हापासून ती धाकटीला पाण्यात पाहू लागली. बोलणं थांबलं. दोन्ही घरांत मुलं हळू आवाजात खेळायला शिकली.

मग संशोधन संस्थेची माणसं आली. कारखान्याचं भविष्य त्यांच्या बॅगांमध्ये होतं आणि बॅगा ते कुणाला उचलू देत नसत. कान यंत्राचा हात लावणार, तपासणी कॅमेरा करणार, थोडी माणसं राहणार, बाकीच्यांनी घरी जायचं. त्यांच्यातली एक तरुण तज्ज्ञ कारखान्यात मुक्कामालाच राहिली. तिला सगळे मॅडम म्हणत, ती सगळ्यांना ताई म्हणे.

"कॅमेऱ्याला काही कळत नाही, ताई," तिने थोरलीला समजावलं. "चांगला कप कोणता, वाईट कोणता, हे फक्त दाखवत राहायचं. का वाईट, ते सांगायचं नाही. ते तो आपलं आपण शोधतो."

शिकवायला एकच डोळा हवा होता, म्हणजे गोंधळ नको. तो थोरलीचा निवडला गेला. कित्येक महिने ती कॅमेऱ्याखाली कप तपासत बसली. तिचा प्रत्येक निकाल आत जात होता. बदल्यात मॅनेजरने शब्द दिला होता: पुढे कॅमेऱ्यावर देखरेख करायला एक खुर्ची असेल, ती तिची.

"आता कारखान्यात दोन भिंगं," धाकटी म्हणाली. "त्यातल्या एकाला निदान बटण तरी आहे."

कॅमेरा सुरू झाला. ज्यांचे कप जास्त बाद होतील ते आधी घरी जातील, असं जाहीर झालं. धाकटीचे कप टोपलीभर बाद होऊ लागले. तिचं जाणं जवळपास ठरलं. एका संध्याकाळी दीर थोरलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही.

"वहिनी, तुम्ही एक शब्द टाका. तिचं काम एवढं वाईट नाही, तुम्हालाही माहीत आहे."

"मी काय टाकू? यंत्र सांगतंय," थोरली म्हणाली. "त्याला ना जाऊ, ना नणंद."

दीर आल्या पावली परत गेला. पलीकडे त्याने ताट जोरात ठेवल्याचं ऐकू आलं.

मॅडमला मात्र चैन पडेना. बाद कप तिने स्वतः हातात घेऊन पाहिले. तिला ते चांगलेच दिसत होते. निकाल देताना कॅमेरा कपाच्या कोणत्या भागाकडे बघतो, ते रंगाने दाखवण्याची एक सोय तिच्याकडे होती. ती लावून झाल्यावर तिने मॅनेजरच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. धाकटी आली, थोरली आली. दोघींच्या मध्ये एक खुर्ची रिकामी राहिली.

पडद्यावर कप होता. काठ निळा, तळ निळा. कानाच्या खालच्या सांध्याशी एक लालभडक ठिपका.

"इथे बघतोय तो!" मॅडम म्हणाली. हरवलेलं कर्णफूल सापडावं तसा तिला आनंद झाला होता. "इथे दाबलेली माती एका बाजूला झुकते. डाव्या हाताने कान लावला की असं होतं. ही खोट नाही. पण ही खूण दिसली की कॅमेरा कप बाद करतो. म्हणजे त्याला हे कुणीतरी शिकवलंय. फारच इंटरेस्टिंग…"

बोलता बोलता तिने समोरचे चेहरे पाहिले. कारखान्यात डावखुरी एकच होती.

"अच्छा," धाकटी म्हणाली. "म्हणजे माझा हात खुपत होता. आणि मी वेडी! माती पातळ होतेय का, अंगठा कमी पडतोय का, म्हणून घासून घासून सालटी निघाली माझी." ती थोरलीकडे वळली. "घरी बोलत नव्हतात, जाऊबाई. इथे मात्र रोज बोलत होतात की. बाद, बाद, बाद."

"मी नाव बघून कप तपासत नाही," थोरली म्हणाली.

"नाव लागतं कशाला? तुम्ही भिंग आहात ना!"

थोरलीला ते माहीत होतं का? हाताला माहीत होतं. डोळ्याला माहीत होतं. स्वतःला विचारायची वेळ तिने कधी येऊ दिली नव्हती.

मॅनेजरने घसा साफ केला. कॅमेऱ्याचा खर्च त्याने मालकांकडून मंजूर करून घेतला होता आणि आता माघार घ्यायला तो तयार नव्हता. "बाई, एवढं ताणायला नको. हे कप तुम्ही परत बघा. खोट आहे म्हणालात, तर कॅमेरा बरोबर, तुम्ही बरोबर, विषय संपला. नाही म्हणालात, तर सगळं शिकवणं पहिल्यापासून. तेही दुसऱ्या कुणाकडून. मग तुमच्या खुर्चीचं मला काही सांगता येणार नाही."

"आणि माझं?" धाकटीने विचारलं.

"ते यांच्या शब्दावर."

मॅडमने ट्रे पुढे सरकवला. सगळे धाकटीचे कप, सगळे कॅमेऱ्याने बाद केलेले. तपासणीच्या टेबलावर बोलायची रीत नव्हती. चांगला कप उभा ठेवायचा, बाद झालेला पालथा.

थोरलीने पहिला कप उचलला. फिरवला, स्वतःच्या कानाजवळ नेऊन नखाने टिचकी मारली. उभा ठेवला. दुसरा उभा ठेवला. तिसराही. मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागला. धाकटी डोळे बारीक करून थोरलीच्या हातांकडे बघत होती, जणू त्यात कुठेतरी सुरी असणार.

थोरलीच्या मनात माया दाटून आली, असं कुणी समजू नये. झुकलेला तो अंगठा दिसला की तिच्या डोक्यात अजूनही तिडीक जात होती. पण कप चांगले होते. याचाच तिला सर्वांत जास्त राग आला.

ट्रे संपत आला. एका कपावर टिचकी मारली आणि आवाज बसका आला. तिने पुन्हा मारली. पुन्हा तोच. सांध्याच्या आत केसाएवढी चीर होती. गरम काही ओतलं की कान हातात येणार आणि कप मांडीवर. वरून काहीच दिसत नव्हतं. हा एक उभा ठेवला असता, तर कुणाला कळणार नव्हतं.

तिने तो पालथा ठेवला.

"आत्तासुद्धा?" धाकटी उठली, खुर्ची फरशीवर करकरली. "सगळं चव्हाट्यावर आलं तरी माझा एखादा बाद केल्याशिवाय घास उतरणार नाही ना तुम्हाला?"

मॅडमने कप उचलून दिव्याखाली धरला, सगळीकडून पाहिला. "ताई, मला तर यात काही दिसत नाही," ती ओशाळून म्हणाली आणि तिने तो उभा करून बाकीच्या कपांमध्ये ठेवला. मॅनेजर नाकातल्या नाकात हसला.

थोरलीने तोंड उघडलं. मग तिने एकेकाचा चेहरा बघितला. तपासायला त्यात फारसं काही नव्हतं; यांच्यातलं कुणीही तिच्यावर विश्वास ठेवणार नव्हतं, आणि ही व्यवस्था तिने स्वतःच्या हाताने, कप कप करून केली होती.

तिने तो कप परत पालथा केला, दाराची कडी काढली आणि बाहेर पडली.