पाटीभर करंज

कारखान्यात पंधरा वर्षं ग्रीस बनवलं, त्यामुळे वंगणातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. नोकरी सोडली, लोधिवलीत घरामागे पत्र्याची शेड घातली आणि करंजाच्या बियांपासून यंत्रांच्या साखळीचं तेल बनवू लागलो. खळ्यात सांडलं तरी मातीला बाधत नाही, ही माझी फुशारकी.

पहिल्याच हंगामात दहिवलीच्या मळणीयंत्रवाल्याचा फोन आला. साखळीवर तेलाचा डिंक झाला होता आणि यंत्र भर खळ्यात अडकलं होतं. "अजून एक डबा लावून बगतो. तो पन आसाच निगाला तर आपला रामराम." माझं एवढंच एक गिऱ्हाईक होतं. त्याचा रामराम म्हणजे शेडला कुलूप.

मला बिया देणारी मावशी डोंगराखालच्या वाडीतली. शेडमध्ये आली, उरलेल्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि हसली. "आतून तापलंय रं. बुरशी धरली."

शेंगा टेंपोत जागा खातात म्हणून मीच तिच्याकडे सोललेल्या बिया मागितल्या होत्या आणि पावसाळाभर प्लास्टिकच्या गोण्यांत कोंडून ठेवल्या होत्या.

"शेंगंतच ठेवायचं. घान्याच्या दिवशी फोडायचं."

"मग आधी का नाही बोललात?" मी उगाच चिडलो.

"तू कुटं इचारलंस?"

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पाटी घेऊन आली. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेल्या, घरच्या दिव्याला आणि गुरांच्या खरजेला राखलेल्या सगळ्या शेंगा तिने आणल्या होत्या. मी नको म्हणालो, पण ते तोंडदेखलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला पाटीभर मिळाला.

त्या शेंगांच्या तेलावर साखळी उरलेला हंगाम बिनबोभाट फिरली. यंत्रवाला स्वतःच रिकामा डबा घेऊन आला, "भरून दे" म्हणाला. त्या दिवशी मला रडूच आलं.

एक डबा मी मावशीकडे पोहोचवला. तिने आधी दाराच्या बिजागरीला लावायला सांगितलं. वर्षानुवर्षं कुरकुरणारं दार गप्प झालं. दोनदा उघडून मिटून तिने कान देऊन ऐकलं.

"बेस हाय. पन आता कोन आलं ते मला कसं कळायचं रं?"

तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. वर्षभर तिच्याकडून बिया घेत होतो, पण तेही मी कधी विचारलं नव्हतं.

आता वाडीत जाताना मी बांधावरूनच हाक मारतो.