सोजरबाई आणि पहिलं दूध

कारंज्याच्या शिवेला उकंडरावांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी डोक्यावर घेऊन बाजारात विकायला नेणं हे त्यांच्या बायकोचं, सोजरबाईचं काम. बाई मुळात कमी बोलणारी. पण पहिलं लेकरू गेलं आणि तिच्या डोक्यात जी आग शिरली ती जन्मभर विझली नाही.

लेकरू धडधाकट जन्मलं होतं. सारखं मूठ चोखायचं. पण सासूनं, गिरजाबाईनं, त्याला छातीला लावू दिलं नाही.

"पयलं दूध नासकं असते. पोटात गेलं का पोट्टं मरते," म्हणत तिनं ते पिवळं, घट्ट दूध पिळून राखेत सांडवलं. लेकराच्या तोंडात कापसाच्या बोळ्यानं गूळपाणी. लवकरच त्याला हगवण लागली आणि बारशाआधीच ते गेलं. सोजरबाईची छाती दगडासारखी ठणकत होती, चोळी भिजत होती, आणि समाचाराला आलेल्या बाया ओसरीवर कुजबुजत होत्या, "हिचं दूधच वाईट असन."

पुढं गाय व्याली. उकंडरावांनी वासरू उचलून आधी कासेला लावलं.

"त्याले काहून पाजता पयलं दूध?" सोजरबाईनं विचारलं.

"मंग? चीक नायी भेटला तं वासरू जगन कसं?"

तिनं हातातलं शेणाचं टोपलं आपटलं. "वासराले पाजता, अन् माह्या लेकराचं राखेत सांडता!"

उकंडराव पाठ फिरवून वासराचं अंग पुसू लागले.

तेव्हापासून बाजारात भाजी तोलता तोलता ती बायांना विचारू लागली. "बाई, तुह्या लेकराले पयलं दूध भेटलं का? नायी भेटलं तं कोनं अडवलं?" काही लाजल्या, काही वांगी तशीच टाकून उठल्या. पण कितीतरी जणी टोपली खाली ठेवून बसल्या. एकीला सासूनं अडवलं होतं, एकीला सुईणीनं, एकीला तर सख्ख्या आईनं. कुणाच्या लेकराला बकरीचं दूध, कुणाला झोपवायला अफूचं बोट. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. बोलता बोलता त्या रडत, आणि सोजरबाईचा संताप वाढत जाई.

एकदा पोहरादेवीकडच्या तांड्यावरची धनीबाई लाकडाची मोळी विकायला आली. तिलाही तोच सवाल.

"मी तं जंगलात लाकडं तोडून राह्यली व्हती. तिथंच झाली पोरगी. गूळ कुठून आनू? लावली छातीले." धनीबाईनं मागं उभ्या धट्ट्याकट्ट्या पोरीकडं मान वळवली. "थे पाय ना."

सोजरबाईला दुसऱ्यांदा दिवस गेले. मुलगी झाली. गिरजाबाई गूळपाण्याची वाटी घेऊन आलीच.

"हात नका लावू तिले!"

"सोजर, येडी झाली का?"

"तुमचे किती गेले, आत्याबाई?"

गिरजाबाई थबकली. हा प्रश्न तिला घरातल्या कुणी कधी केला नव्हता.

"तीन," ती म्हणाली. "माह्या सासूनंबी असंच पाजलं गूळपानी."

"अन् तरी वाटी घेऊन आल्या!"

म्हातारी वाटी घेऊन बाहेर गेली ती पुन्हा आत आली नाही. इकडं पोरगी काही केल्या छाती धरेना. सुईण चंदाबाई कोपऱ्यात पाहत उभी.

"तमाशा पाहून राह्यली का? कसं धरू थे सांग ना!" सोजरबाई ओरडली. चंदाबाई जवळ बसली, पाठीला गोधडीची वळकटी दिली, लेकराची मान हातावर घेऊन तोंड नीट लावलं. पोरगी प्यायली. जगलीही.

पण राग निवला नाही. आता तो कुणावर काढावा हेच कळेना, म्हणून तो जास्तच पेटला. कुणाकडं बाळंतपण झालं की सोजरबाई तिथं हजर. बहुतेकांनी दारातूनच हाकललं. हौसाबाईनं तर अंगावर तांब्याभर पाणी फेकलं.

"पांढऱ्या पायाची, माह्या घरात नको येऊ!"

आत तिची सून रामीबाई नुकतीच मोकळी झाली होती. लेकरू टाहो फोडत होतं. ओल्या लुगड्यानिशी सोजरबाईनं अंगणातच बसकण मारली आणि आत ऐकू जाईल असा आवाज लावला.

"रामी, लाव त्याले छातीले! कोनाचं ऐकू नको! नासकं नसते थे!"

हौसाबाई शिव्या देत राहिली. शेजारीपाजारी गोळा झाले. एकाएकी आतलं रडणं थांबलं. हौसाबाई घाबरून दाराकडं धावली, तसा आतून सुनेचा दमलेला आवाज आला.

"राहू द्या आता, आत्याबाई. पिऊन राह्यलं थे."