शेवटच्याची पाठ कोण बघतं?

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी डोंगरकडा गावातल्या आमच्या घरात फोन वाजायचा आणि बाबा तो उभ्यानं घ्यायचे. गुडघे गेल्यावर भिंतीला पाठ टेकवून उभे राहू लागले, पण बसून कधीच घेतला नाही. पलीकडून आवाज यायचा, "आठ नंबर ओके!" बाबा त्यांना दोन-चार प्रश्न विचारायचे, पुढच्याला फोन लावायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "सात नंबर ओके!"

बाबा छत्रीवाले फौजी, म्हणजे पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारणारे. एकाहत्तरच्या लढाईतही त्यांनी उडी मारली होती. उडीआधी सगळे विमानात रांगेनं उभे राहत. प्रत्येकानं पुढच्याच्या पाठीवरची छत्री, पट्टे, हुक तपासायचे, त्याच्या खांद्यावर थाप मारायची आणि आपला नंबर ओरडायचा. मागून पुढं ओके पोचलं की दारातून बाहेर. "आपली पाठ आपल्याला दिसत न्हाई, ती मागच्याच्या भरवशावर," असं बाबा सांगायचे. लढाई संपली, सगळे पेन्शनीत निघाले, पण रांग त्यांनी मोडली नाही. आधी पत्रांवर चालवली, पुढं फोनवर.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत बाबांनी आईच्या पाठीवर कापसाची गोणी बांधून तिला अंगणात ही सगळी कवायत शिकवली होती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आई सांगते, "हसू दे म्हणलं. त्याहीच्या नवऱ्यानं कधी त्याहीची पाठ बघितली होती काय?"

त्या रांगेचं बाबांना इतकं मोल का होतं, ते मला उशिरा कळलं. गावात आमचं आडनाव आधी पोचायचं आणि माणूस मागून. पाण्याच्या टाकीपासून पंगतीपर्यंत आम्ही गावकुसाबाहेरच्या वाड्यातले हे कोणी विसरू दिलं नाही. रांगेत मात्र ते नुसते सात नंबर होते, आणि त्यांच्या पाठीवर विश्वासाचा हात आठ नंबरचा होता. आठ नंबर म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, जवळा बाजारच्या बाजूचे, मोठ्या शेतकरी घरातले काका.

मागच्या वर्षी बाबा गेले. जलदानविधीच्या दिवशी रांगेतल्या एक नंबरचा, सुभेदारांचा, फोन आला. ते साताऱ्याकडचे. खूप आदरानं बोलले आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, आता तुम्हाला त्रास नको. सहा नंबर तर आधीच गेलेले, आठ नंबर इथून पुढं थेट पाच नंबरला फोन करेल. माणूस गेला की रांग पुढं सरकते."

आईनं फोन ठेवून दिला. मी मात्र धुमसत होते. रांगेतल्या गेलेल्या जवानांच्या किती बायका अशाच आदरानं बाजूला झाल्या होत्या! माणूस मेला तर रांगेतून जाईल, पण त्याची बायको कुठं जाते? जिनं वर्षानुवर्षं फोन उचलला, घरी आलेल्या फौजींना भाकरी वाढली, तिला एका वाक्यात सरकवायचं? माझा राग लवकर निवत नाही, आणि हा मी निवू दिलाच नाही.

पुढच्या एक तारखेला आईनं अंघोळ केली, चांगलं लुगडं नेसली आणि भिंतीला पाठ लावून फोनपाशी उभी राहिली.

"बस की माय," मी म्हटलं.

"उभ्यानंच घ्यायचा असतो," ती म्हणाली.

चहा गार झाला, ऊन अंगणातून उंबऱ्यापर्यंत आलं, फोन काही वाजला नाही. मला रडू येत होतं. आई रडली नाही. तिनं स्वतःच आठ नंबरना फोन लावला.

"काय भाऊजी, कसं काय?"

"ओके, वहिनी. एकदम ओके."

आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "ह्या ओकेत दम न्हाई. चल, पायात चपला घाल."

दोन एसट्या बदलून आम्ही त्यांच्या गावी पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काका बाजेवर आडवे, एक पाय सुजलेला, उशाला पाण्याचा तांब्या आणि फोन. न्हाणीत पाय घसरून पडले होते, तेव्हापासून उठताच येत नव्हतं. शेजारीण भाकरी आणून देत होती. दोन्ही पोरं पुण्यात, त्यांना कळवलं नव्हतं.

"आज पाच नंबरला फोन आडव्यानंच केला?" आईनं विचारलं.

काकांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मंग ओके काहून म्हणलं?"

"वहिनी, रांगेत न्हाई कसं म्हणावं?" काका भिंतीकडंच बघत म्हणाले. "एकानं न्हाई म्हणलं की समद्यांची उडी थांबते. आमी कधीच कोणी न्हाई म्हणलं न्हाई."

गोळ्यांना न भिणारी ही माणसं एका शब्दाला भीत होती. बाबांना मात्र हे ठाऊक असणार. म्हणून तर ते नुसत्या ओकेवर फोन ठेवत नसत. उठून दारापर्यंत जा, बाहेर काय दिसून राहिलं ते सांग, असं काहीबाही विचारत बसायचे. मला तेव्हा त्या म्हाताऱ्यांच्या गप्पा वाटायच्या.

आईनं काकांचाच फोन उचलला, पाच नंबरला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आठ नंबर ओके न्हाई!"

शेजारणीनं चुलीवर चहा ठेवला होता, त्याला उकळी यायच्या आत सुभेदारांचा फोन आला. आवाज चढलेला होता. "कोण बोलतंय? रांगेत हे कोण बोललं?"

"सुभेदारसाहेब, एक सांगा," आई म्हणाली. "विमानात शेवटच्याची पाठ कोण बघतं? त्याच्या मागं तर कोणीच न्हाई."

सुभेदार म्हणाले, "तो मागं वळतो. त्याच्या पुढचा बघतो."

"आता शेवटचा कोण राह्यला?"

"आठ नंबर."

"त्याच्या पुढं कोण?"

मग सुभेदार हळू आवाजात म्हणाले, "सात."

"मंग सातच बोलून राहिली. हाड मोडलंय त्याहीचं. गाडी पाठवा, अन सोबत माणूस पाठवा."

"पाठवतो," सुभेदार म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि सात नंबर? ओके?"

"अजून न्हाई," आई म्हणाली. "आठाचं हाड बसू द्या, मंग सांगते."

दिवस मावळायच्या आत परभणीहून गाडी आली. घेऊन येणारा रांगेतल्याच एका गेलेल्या जवानाचा मुलगा होता. त्याच्या आईलाही असंच आदरानं सरकवलेलं होतं, आणि ती गाडीत पुढच्या सीटवर बसून आली होती. काकांचं ऑपरेशन झालं. पुण्याहून पोरं खाली मान घालून आली. आई त्यांना काहीच बोलली नाही. मी बोलले, आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काकांना उभं राहायला दोन महिने लागले. तोवर आईनं एकदाही ओके म्हटलं नाही, आणि सुभेदारांनी एकदाही तिला टाळून रांग पुढं नेली नाही. मग एका एक तारखेला सकाळी फोन वाजला.

"आठ नंबर ओके!"

"उभ्यानं?" आईनं विचारलं.

"उभ्यानं, वहिनी. काठी हाये, पर उभ्यानं."

"दारातून काय दिसून राहिलं?"

"लिंबाखाली शेरडू बांधलंय. माझी लुंगी खाऊन राहिलं."

आई हसली. पुढच्याला फोन लावला, पाठ सरळ केली आणि ओरडली, "सात नंबर ओके!"

आता रांगेत गेलेल्यांच्या बायका आहेत, लेकी आहेत, एक सूनही आहे. सुभेदारांनीच एकेकीला फोन करून ज्याचा नंबर त्याच्या घरी परत दिला. आईनंतर सातव्या नंबरवर मी उभी राहणार आहे, हे मी भावाला आत्ताच सांगून ठेवलंय. ज्याला हरकत असेल त्यानं समोर येऊन बोलावं.

परवा समोरच्या घरातली नवी सून दारात आली आणि म्हणाली, "आजी, सकाळी सकाळी एवढ्यानं काहून ओरडता? फोनमधी हळू बोललेलं बी ऐकू जातं की."

आई म्हणाली, "बाई, विमानात लई आवाज असतो."