वैदूच्या पुड्या

जनावरांच्या बाजारात मी तीस वर्षं दलाली केली. हातात एक दावं घेऊन आलो आणि केडगावात घर बांधलं. नियम एकच पाळला: सौदा पक्का होईपर्यंत बैलाची खोड सांगायची नाही. तोच नियम मी बायकोच्या दुखण्यालाही लावला.

तिला संधिवात आहे. शरीराची राखणदार यंत्रणाच सांध्यांवर उलटते, त्यातला. गल्लीतल्या डॉक्टरनं दोन वर्षं "वयाचं आहे" म्हणून गोळ्या दिल्या. तोवर बोटं वाकली. त्या माणसाला मी अजून नमस्कार करत नाही.

नगरच्या एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी सुरू होणार होती. दात्याच्या मूळपेशी टोचायच्या आणि सोबत हळदीतला औषधी घटक अतिसूक्ष्म कणांत भरून द्यायचा. सुजलेल्या सांध्यात पेशी तग धरत नाहीत. या घटकामुळे त्या टिकतात का, ते बघायचं होतं. निवडकच रुग्ण घेणार होते, आणि त्यातल्याही काहींना तुलनेसाठी औषधाविना नुसतीच सुई मिळणार होती. मी तिथल्या डॉक्टरणीशी लगेच घासाघीस सुरू केली.

"मॅडम, खरं औषधच आमच्या वाट्याला द्या."

"काका, कुणाला काय मिळेल ते मलाही कळणार नाही. दुसरं काही औषध चालू आहे?"

"काही न्हाई."

नेवाशाकडच्या एका वैदूच्या पुड्या बायको आठ महिने घेत होती. मीच आणून द्यायचो.

शेजारी बसलेली ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, ह्ये बैल इकल्यागत बोलत्यात. पुड्या चालू हायेत. लई आराम पडतो, म्हून तर भ्या वाटतं."

मी भडकलो. "गप बस! आता घेतील का तुला?"

"म्या काय गाय हाय व्हय, दात बघून घ्यायला?"

पुडी तपासली, तर तिच्यात स्टेरॉईड निघालं. चाचणीतून तूर्त नाव गेलं. "एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल," डॉक्टरीण म्हणाली. "आम्ही हळूहळू कमी करू. मग पुन्हा तपासू. हे लपलं असतं आणि पेशी टोचल्या असत्या, तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही."

आता पुडीतलं औषध उतरतंय आणि सूज चढतेय. सकाळी तिची वेणी मीच घालतो.

"मूठ वळती का?"

"रोज इचारून वळंल व्हय? भांग सरळ पाडा."

काल तिच्या हातून कप सुटला. तपासणीला अजून बारा दिवस आहेत. मी तिथल्या तिथं डॉक्टरणीला फोन लावला आणि तिनं विचारलं नव्हतं तेही सगळं सांगत सुटलो.