बिनगव्हाची खीर

"उपासाबिगर माझ्या सासूची हयात गेली, माझी गेली, अन् आता ह्या डॉक्टरनं मला उपास धरायला लावला!"

कलबुर्गीच्या दवाखान्यातून बाहेर पडताना माय हे एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की फाटकापाशी उभा असलेला रिक्षावालाही वळून बघायला लागला. मायच्या आतड्याला गहू सोसत नाही, हे आधीच कळलं होतं. गहू सोडूनही तिला बरं वाटेना, तेव्हा डॉक्टरांनी काही महिने सगळंच धान्य बंद करायला सांगितलं. ज्वारी नाही, तांदूळ नाही, काहीच नाही. डाळी, भाज्या, अंडी तेवढी चालतील.

भाकरीसाठी माय दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून तिनं मला विचारलं, "अन् पुनवेची खीर?"

आजोबांनी बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून मुडबीच्या आमच्या घरात एकादशी नाही, चतुर्थी नाही, उपास तर मुळीच नाही. सण म्हणावा तर वैशाखी पुनव, आणि पुनव म्हणजे गव्हाची खीर. आदल्या दिवशी माय गहू ओलावून अंगणातल्या दगडी उखळात सडायची. मी उखळाच्या काठाशी बसून उडालेले दाणे वेचायची. मधेच ती एक दाणा माझ्या तळहातावर ठेवायची, "दातानं फोड बरं, कोंडा निघाला का?" मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी मोठ्या मानानं 'व्हय' म्हणायची. मग गूळ, खोबरं, खसखस, सुंठ. तो शिजणाऱ्या गुळाचा वास आजही नौबादला माझ्या घरी अवचित आठवतो आणि हातातलं काम तसंच राहतं. लहानपण परत मिळणार असतं, तर मी त्या उखळापाशीच जाऊन बसले असते.

वंदना झाली, की पहिली वाटी भिंतीपलीकडं अक्काकडं जायची. अक्का धनगराच्या घरची. तिच्या सासऱ्यापर्यंत मेंढरं होती, आता शेती आहे. ती वाटी घ्यायची, झाकण ठेवायची आणि दर साली तेच म्हणायची, "पुनवेचा उपास हाय गं माझा. ठेवते."

माय घरी येऊन भांडी आपटायची. "उपास हाय का इटाळ हाय, तिचं तिलाच ठाऊक!"

त्याला कारण होतं. माय नवी नवरी असताना अक्काच्या सासूकडं शेंगा निवडायला गेली होती. कट्ट्यावर एक लोखंडी खलबत्ता होता. मायनं सहज त्याला बोट लावलं. "हात लावू नको!" म्हणून सासू अशी काही ओरडली, की माय शेंगा तिथंच टाकून उठली. तिच्या डोळ्यांदेखत तो खलबत्ता चुलीच्या जाळावर धरला गेला. अक्काही तेव्हा नवीच नवरी. ती दारात उभी होती, आणि काही बोलली नाही. माय ते ओरडणं विसरली असती. अक्काचं गप्प राहणं काही विसरली नाही. चाळीस वर्षं दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढली, मयतं उचलली, पण ती वाटी झाकली गेली की मायच्या मनात ते परत वर यायचं.

यंदा पुनव आठवड्यावर आली, तशी मी रजा काढून मुडबीला आले. मखाणे घालून बघितले, त्यांचा लगदा झाला. भोपळा किसून बघितला, तर माय म्हणाली, "ही खीर न्हाई, भाजी हाय. नक्को मला." मग मी किराणा दुकानातून वाळलेले शिंगाडे आणले. मायनं पुडीकडं बघून नाक मुरडलं.

"उपासाचं माझ्या घरात? कामून आणलीस?"

"धान्य न्हाई गं त्यात."

"मग आण. पोटाला काय धरम कळायलाय."

उखळात शिंगाडे जाडसर कुटले, रात्रभर भिजवले, सकाळी गुळात शिजवले. अगदी सडलेल्या गव्हासारखे दाताखाली आले. माय वाटी चाटून पुसून मोकळी झाली. आणि संध्याकाळी पोट फुगून जी आडवी झाली, ती तीन दिवस उठली नाही. मी शिंगाड्यांना शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या. मग उखळ धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दगडाच्या भोकाभोकांत चाळीस वर्षांचा गहू बसलेला होता, आणि त्यातच मी मायसाठी कुटलं होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मिक्सरवर करावं तर त्याच्यातही पीठ अडकलेलं, शिवाय शिंगाड्याचा भुगा झाला असता.

पुनव उद्यावर आली. अक्का मायची खुशाली विचारायला आली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती उठून गेली आणि पदराखालून खलबत्ता घेऊन आली.

"ह्यात आजवर धान्याचा कण पडला न्हाई. माझ्या सासूचा हाय, उपासाचा. निसते शेंगदाणे अन् शिंगाडे."

मायनं तो बघताक्षणी ओळखला. आता ही काय बोलते आणि काय नाही! पण माय एवढंच म्हणाली, "ठेव तिथं."

अक्का गेल्यावर ती बाजेवरून उतरली. तिनं खलबत्ता पुढ्यात ओढला. "तवा निसतं बोट लागलं हुतं," म्हणाली, आणि सगळे शिंगाडे एकटीनं कुटले. मला हात लावू दिला नाही.

पुनवेला वंदना झाली. मायनं खीर खाल्ली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. "गव्हाची न्हाई," ती म्हणाली आणि दुसरी वाटी घेतली. दुपार टळली तरी पोट शांत होतं. तेव्हा तिनं एक वाटी भरली आणि भिंतीपलीकडं निघाली. मी मागोमाग गेले.

"आज उपासाचं कारण सांगू नको," दारातूनच ती अक्काला म्हणाली. "धान्य न्हाई ह्यात. तुझ्याच सासूच्या खलबत्त्यात कुटलंय. खा माझ्यासमोर."

अक्कानं वाटी घेतली. उभ्या उभ्याच दोन बोटांनी खीर तोंडात घातली. क्षणभर चघळली.

"गूळ कमी पडलाय."

माय भडकलीच. "चाळीस वर्षात तोंडाला लावली न्हाईस, अन् गूळ कमी म्हणून तुला काय कळायलंय?"

"कोण म्हणतंय न्हाई लावली?" अक्का तिच्याकडं बघतच राहिली. "दर साली वाटी पाण्यात ठेवून द्यायची अन् सकाळी तिच्यावरच उपास सोडायची. सासू हुती तोवर न्हाणीत बसून खाल्ली, ती गेल्यावर चुलीपुढं. शिळ्या खिरीत गूळ मुरतो, बाई. तुझी ताजी खीर आज पहिल्यांदा खायलेय मी."

मायनं अक्काच्या हातातली वाटी काढून घेतली, पदर तोंडाला लावला आणि आमच्या घराकडं वळली.

"थांब," ती म्हणाली, "गूळ घालून आणते."