धुक्यातला शिट्टीवाला

"चूप वं!" असं वैनी इतक्या जोरात म्हणत, की ज्या पाखरासाठी आम्ही चूप बसायचं, तेच आधी उडून जायचं.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत त्या आमच्या शेजारी राहत. आता तिथे दुसरंच बिऱ्हाड आहे. भाऊजी कोळशाच्या यार्डात, घरभर राख आणि वैनींच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी दुर्बीण. वाळवणावर कावळा आला तरी आधी दुर्बिणीतून बघायच्या, मग हाकलायच्या.

"अहो वैनी, कावळाच आहे तो!"

"असू दे नं. त्याले का कोणी पाहूच नये?"

पावसाळ्यात महिला मंडळाची सहल चिखलदऱ्यालाच न्यायची, हा त्यांचा हट्ट. पहिल्या वर्षी बघतो तर काय, डोंगर नाही, दरी नाही, सगळं ढगात बुडालेलं. शेजारी बसलेली बाई ओळखू येईना, तिथे पाखरं काय कपाळ दिसणार! तेवढ्यात खालून, दरीतून, कोणीतरी सुरेल शिट्टी मारली. झालं! आमच्या अध्यक्षबाईंनी पदर खोचला आणि त्या धुक्यालाच झापलं, "कोण आहे रे मुडद्या? घरी मायबहिणी नाहीत काय तुले?"

शिट्टी बंद.

वैनींनी कपाळावर हात मारला. "पाखरू होतं वं बाई ते! कस्तूर! त्याच्यासाठीच तं आली मी!"

नागपूर येईपर्यंत आम्ही एस.टी.त हसत होतो आणि वैनी फुगून बसल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच शीळ. वैनी आवाजामागे धावल्या, गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेली नवी साडी चिखलात लडबडली, एक चप्पल दरीत गेली. पाखरू काही दिसलं नाही.

मग भाऊजींच्या रिटायरमेंटचं वर्ष आलं. दिवाळीनंतर सगळं आवरून खामगावकडे, गावी जायचं ठरलं होतं.

"यंदा नाही दिसलं, तं कधीच नाही वं," वैनी म्हणाल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची ही बाई, पण बोलणं अगदी बारीक.

त्या पावसाळ्यातल्या सहलीत, सकाळी आम्ही सगळ्याजणी दरीच्या काठावर शहाण्यासारख्या बसलो. चिवड्याचा पुडासुद्धा कोणी सोडला नाही. अध्यक्षबाई तर तोंडावर रुमाल दाबून. शीळ सुरू झाली, अगदी जवळून. ढग जरासा विरळ झाला आणि समोरच्या ओल्या दगडावर ते दिसलं! काळंनिळं अंग, कपाळावर लख्ख निळा पट्टा. दुर्बिणीचं कामच नव्हतं. वैनींनी सवयीनं 'चूप वं' म्हणायला तोंड उघडलं, पण बोलत कोणीच नव्हतं. मग पदर तोंडाशी धरून त्या रडायला लागल्या, हसायलाही लागल्या. पाखरानं शेपटी पसरली, मिटली आणि ते दरीत उतरलं.

ढग पुन्हा दाटला. खालून परत शीळ आली, तशी मी वैनींचा हात ओढला. "चला ना वैनी, अजून एकदा दिसेल!"

त्या हलल्याच नाहीत. डोळे मिटून तिथेच बसून राहिल्या.

"पाहून झालं वं," त्या म्हणाल्या. "आता नुसतं आयकू दे मले."